गाऱ्हाणे कोणापुढे मांडावे?

ईमानवंत माणसाने आपल्या दुःखाविषयी बोलावे की मौन पाळावे? प्रश्न साधा वाटतो, परंतु आपल्या घराघरांत त्याचे उत्तर चुकीचे दिले जात असल्यामुळे अनेक जीव आतल्या आत पिचत आहेत. यंत्रमाग बंद पडल्यामुळे महिनोन्‌महिने घरी बसलेला कारागीर, कर्जाच्या हप्त्याची तारीख जवळ आली की रात्रभर कूस बदलणारा बाप, आजारी सासू आणि लहान मुले यांच्यामध्ये स्वतःचा श्वासही ऐकू न येणारी सून, परीक्षेच्या निकालानंतर कोणाशी नजर न मिळवणारा मुलगा. यांपैकी कोणी तोंड उघडलेच, तर त्याच्या कानावर पहिले वाक्य पडते, ‘सबर करा.’ ते सांगणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. तरीही ऐकणाऱ्याला त्याचा अर्थ ‘गप्प बसा’ असाच लागतो. मग त्या मनात शंका मूळ धरते, की मला एवढे असह्य होते आहे, म्हणजे माझे ईमानच कच्चे असले पाहिजे. आणि ज्याला आपल्या ईमानाचीच लाज वाटू लागते, तो सजद्यातही मोकळा होत नाही. दुःख तर असतेच. त्यात अल्लाहपासून दुरावल्याच्या भावनेची भर पडते.

वाचकहो, दिव्य कुरआनने सबर हा शब्द खरोखर याच अर्थाने शिकवला आहे काय, हे तपासून पाहणे आवश्यक आहे.

सूरह यूसुफमध्ये हजरत याकूब (अलै.) यांची कथा येते. पोरगे हरवलेल्या बापाची ही कथा आहे. मुलांनी खोट्या रक्ताने माखलेला सदरा आणून दाखवला, तेव्हा त्यांनी ‘सब्रुन जमील’, म्हणजे सुंदर सबर, हा मार्ग स्वीकारल्याचे सांगितले. पुढे धाकटा मुलगाही मिसरमध्ये अडकून पडला, तेव्हा त्यांच्या तोंडी पुन्हा तेच शब्द आले. आता पुढील आयत लक्षपूर्वक वाचावी. सुंदर सबर हे शब्द उच्चारणारा तोच पिता तोंड फिरवून यूसुफच्या नावाने हळहळतो आणि शोकाने त्याचे डोळे पांढरे पडतात. मुले वैतागतात, यूसुफची आठवण काढता काढता तुम्ही झिजून जाल किंवा प्राण गमवाल, असे म्हणतात. तेव्हा याकूब (अलै.) उत्तर देतात की, माझी व्यथा आणि माझे दुःख मी केवळ अल्लाहपुढे मांडतो आहे.

येथे सबर आणि अश्रू एकाच हृदयात नांदत आहेत. कुरआनने त्या वृद्ध पैगंबराला डोळे पुसण्याची आज्ञा केली नाही, की त्यांच्या शोकाला ईमानाची उणीव म्हटले नाही. त्यांनी जी व्यथा मांडली तिच्यासाठी आलेल्या अरबी शब्दाच्या धातूत पसरण्याचा, विखुरण्याचा अर्थ आहे. जे दुःख मनात मावत नाही, दाबून ठेवले तरी बाहेर सांडतेच, ते हे दुःख. म्हणजे अल्लाहच्या ग्रंथाने मान्य केले आहे की, काही दुःखे मावत नाहीत. प्रश्न उरतो तो ती कोठे सांडावीत, एवढाच.

आपल्या मराठीत यासाठी दोन शब्द आहेत आणि त्यांतील भेद फार उपयोगी आहे. तक्रार नेहमी कोणाविरुद्ध तरी असते. गाऱ्हाणे मात्र कोणापुढे तरी मांडले जाते. तक्रार हा शब्द मुळात अरबीतूनच आला असून तिकडे त्याचा अर्थ पुनःपुन्हा तेच करणे असा आहे. ज्या दुःखाला ऐकणारा मिळत नाही, ते मनात अशीच पुनरावृत्ती करीत राहते. अल्लाहविरुद्ध तक्रार करणे, त्याच्या न्यायावर आणि दयेवर बोट ठेवणे, हे सबरच्या विरुद्ध आहे. अल्लाहपुढे गाऱ्हाणे मांडणे मात्र सबरच्या विरुद्ध नाही. तोच सबरचा आधार आहे. सबरच्या मूळ अर्थात बांधून ठेवणे, रोखून धरणे आहे. रोखायचे आहे ते जिभेला कुफ्रापासून, हाताला जुलमापासून आणि मनाला निराशेपासून. अश्रू रोखण्याची सक्ती त्यात नाही.

हे एकट्या याकूब (अलै.) यांच्यापुरते नाही. हजरत अय्यूब (अलै.) यांनी आपल्या पालनकर्त्याला हाक मारली, की मला पीडेने ग्रासले आहे आणि तू सर्व दयावंतांहून अधिक दयाळू आहेस. सूरह अंबियातील हे गाऱ्हाणे वाचल्यावर सूरह सॉदमध्ये त्यांच्याविषयीचा निवाडा पाहावा. अल्लाहने त्यांना सबर करणारा आढळल्याचे सांगितले, उत्तम दास म्हटले. हाक मारल्याने त्यांचा सबर उणा ठरला नाही. हजरत जकरिया (अलै.) यांनी हाडे खिळखिळी झाल्याचे आणि डोके पांढरे झाल्याचे आपल्या पालनकर्त्यास हळू आवाजात सांगितले. हजरत मरयम (अलै.) प्रसूतीच्या वेदनेत खजुरीच्या बुंध्याशी गेल्या, तेव्हा याआधीच आपण मेलो असतो तर बरे झाले असते, असा उद्गार त्यांच्या मुखातून बाहेर पडला. त्या उद्गारावर आकाशातून ताशेरा आला नाही. दुःख करू नकोस, पायाशी झरा आहे, खजुरीचा बुंधा हलव, खा, पी आणि डोळे थंड कर, असे त्यांना सांगण्यात आले. बिकट घडीला आधी पाणी, अन्न आणि दिलासा. उपदेशाची वेळ नंतरची.

प्रेषित मुहम्मद (स.) यांचे जीवन याहून वेगळे नाही. हजरत आयेशा (रजि.) यांनी त्यांना विचारले होते की, उहुदच्या दिवसाहून कठीण दिवस आपल्यावर आला होता काय? तेव्हा आपल्याला झिडकारले गेल्याचा प्रसंग त्यांनी सांगितला आणि त्या दुःखाच्या भरात आपण चालत राहिलो, कर्नुस्सआलिब येथे पोहोचेपर्यंत भानावर आलो नाही, असे म्हटले. अल्लाहच्या अंतिम प्रेषितांवरही अशी वेळ आली होती, की पाय चालत होते आणि मन भानावर नव्हते. पुत्र इब्राहीम यांच्या मृत्यूसमयी त्यांचे डोळे वाहत होते. डोळे रडतात, हृदय दुःखी होते, तरी जीभ मात्र पालनकर्त्याला जे आवडते तेच बोलते, असा त्यांच्या बोलण्याचा आशय बुखारी शरीफमध्ये आहे. सबरची याहून नेमकी मर्यादा कोण आखून देणार?

आता एक शंका उभी राहते. अल्लाह तर सर्व जाणतो. हृदयातील गुपित त्याला ठाऊक आहे. मग त्याला सांगायचे कशासाठी?

या शंकेचे उत्तर शोधताना सूरह ताहामधील एक संवाद आठवतो. अल्लाहने हजरत मूसा (अलै.) यांना विचारले की, तुझ्या उजव्या हातात काय आहे? विचारणाऱ्याला ठाऊक नव्हते असे कोण म्हणेल? आणि उत्तर एका शब्दात देता आले असते. परंतु मूसा (अलै.) सांगतात की, ही माझी काठी आहे, हिच्यावर मी टेकतो, हिने शेळ्यांसाठी पाने झाडतो, हिचे मला आणखीही उपयोग आहेत. सर्वज्ञ पालनकर्ता ऐकून घेतो आणि दास बोलत राहतो. माहिती पुरवणे हा या बोलण्याचा हेतूच नव्हता. त्यात जवळीक होती. दुआचेही असेच आहे. आपण अल्लाहला बातमी देत नसतो. आपण आपली जागा ओळखत असतो, की मी मागणारा आहे आणि तो देणारा. शिवाय जोवर दुःखाला शब्द मिळत नाहीत, तोवर ते माणसाला चहूबाजूंनी घेरून असते. शब्द मिळाले की त्याला आकार येतो. ‘सगळेच संपले’ असे वाटणाऱ्या माणसाला सजद्यात सांगता सांगता उमगते, की सगळे संपलेले नाही. घरभाडे थकले आहे, भाऊ बोलत नाही आणि झोप लागत नाही. तीन गोष्टी आहेत. तिन्ही जड आहेत, पण तीनच आहेत.

आदरणीय प्रेषितांची (स.) एक दुआ हजरत अनस (रजि.) यांनी वारंवार ऐकली होती. तीत आठ गोष्टींपासून अल्लाहचा आश्रय मागितला आहे: चिंता आणि दुःख, असमर्थता आणि आळस, भित्रेपणा आणि कंजूषपणा, कर्जाचा बोजा आणि माणसांची दडपशाही. चिंता पुढच्या काळाची असते आणि दुःख मागच्या काळाचे, असा भेद विद्वानांनी सांगितला आहे. या यादीत मनाची अवस्था आहे आणि सावकाराचा तगादाही आहे. मनातील अंधार तेवढा ‘धार्मिक’ आणि उधारीची वही ‘दुनियादारी’, अशी फाळणी प्रेषितांनी (स.) केली नाही. म्हणून वाचकहो, आपल्या दुआतही नावानिशी मागावे. लाइट बिल, मुलीचे लग्न, गुडघ्याचे दुखणे, न येणारी झोप, यांतील काहीही अल्लाहपुढे मांडण्यास क्षुल्लक नाही.

दुसरी शंका अधिक खोल आहे. तकदीर लिहिली गेली आहे, तर दुआने काय बदलणार? आणि बदलणार नसेल, तर ती मनाची समजूत नव्हे काय?

हा प्रश्न जुना आहे आणि इमाम गज्जाली (रह.) यांनी आपल्या ‘इह्याउ उलूमिद्दीन’ या ग्रंथात त्याचा परामर्श घेतला आहे. त्यांच्या युक्तिवादाचा सारांश असा, की ढाल बाण अडवते, पाणी जमिनीतून रोप उगवण्याचे कारण ठरते, आणि अल्लाहच्या निर्णयावर विश्वास आहे म्हणून कोणी ढाल टाकून देत नाही की पेरणीनंतर पाणी देणे थांबवत नाही. ज्याने परिणाम लिहिला त्यानेच त्याचे साधनही लिहिले. दुआ हे असेच एक लिहिलेले साधन आहे. विदर्भ-मराठवाड्यातील आपला शेतकरी हे तर्कशास्त्र शिकल्याशिवाय जाणतो. पाऊस अल्लाहच्या हाती आहे, हे मानूनच तो पेरणी करतो.

हजरत उमर (रजि.) शामकडे निघाले असताना सर्ग येथे त्यांना तिकडे महामारी पसरल्याचे कळले आणि त्यांनी परतण्याचा निर्णय घेतला. हजरत अबू उबैदा (रजि.) यांनी विचारले, अल्लाहच्या तकदीरीपासून पळता काय? हजरत उमर (रजि.) यांचे उत्तर असे होते, की होय, अल्लाहच्या एका तकदीरीकडून त्याच्याच दुसऱ्या तकदीरीकडे. एका खोऱ्याची एक बाजू हिरवी आणि दुसरी उजाड असेल, तर उंट कोठेही चारले तरी ते अल्लाहच्या तकदीरीनेच चारले जातील, हा दाखलाही त्यांनी दिला. दुआ करणारा हेच करतो. तो तकदीरीशी भांडत नाही. तो उजाड बाजूकडून हिरव्या बाजूकडे वळतो.

बद्रचा प्रसंग तर या बाबतीत निर्णायक आहे. हिजरी सन २ मध्ये सुमारे हजार शत्रूंपुढे मुसलमान तीनशेच्या थोडे वर होते. दोनपैकी एक समूह हाती लागेल, असे अल्लाहचे वचन सूरह अन्फालमध्ये नमूद आहे. वचन मिळालेले असतानाही प्रेषितांनी (स.) किबल्याकडे तोंड करून, हात पसरून एवढी आर्जवे केली की खांद्यावरची चादर घसरून पडली. हजरत अबू बक्र (रजि.) यांनी ती उचलून पुन्हा त्यांच्या खांद्यावर घातली. परिणाम निश्चित असताना मागायचे कशाला, असे प्रेषितांना (स.) वाटले नाही. मग परिणाम ठाऊक नसलेल्या आपल्याला तसे का वाटावे?

तिसरी शंका बहुधा कोणी बोलून दाखवत नाही, परंतु ती अनेकांना मशिदीच्या दारातून परत फिरवते. सुखाच्या दिवसांत मी नमाज पढलो नाही. आता गळ्याशी आले म्हणून कोणत्या तोंडाने जाऊ? हा स्वार्थ नाही काय?

कुरआनने अशा माणसाची निंदा केली आहे, हे खरे. सूरह यूनुसमध्ये असा माणूस येतो, जो संकटात आडवा, बसलेला, उभा, कोणत्याही स्थितीत अल्लाहला हाका मारतो आणि संकट टळताच जणू कधी हाक मारलीच नव्हती असा निघून जातो. पण नीट पाहावे, दोष कशाचा दाखवला आहे? संकटात हाक मारल्याचा दोष दाखवलेला नाही. सुटका झाल्यावर विसरल्याचा दाखवला आहे. वादळात सापडलेल्या नावेतील मुश्रिकांनी निष्ठापूर्वक हाक मारली, तेव्हा अल्लाहने त्यांनासुद्धा किनाऱ्याला लावले, असे कुरआन सांगतो. ज्याने त्यांची हाक परतवली नाही, तो कलमा पढणाऱ्याची हाक उशीर झाला म्हणून परतवील काय? सूरह नम्लमध्ये अल्लाह विचारतो की, व्याकूळ झालेल्याची हाक ऐकून त्याचे संकट दूर करणारा कोण आहे? तेथे ‘मुज्तर’ हा शब्द आला आहे, म्हणजे ज्याचे सर्व उपाय खुंटले आहेत असा. पात्रतेच्या अटी तेथे घातलेल्या नाहीत. असहायता हीच त्याची पात्रता.

इमाम गज्जाली (रह.) यांच्याच आयुष्यात हा शब्द उतरला होता. बगदादच्या निजामिया मदरशातील ते सर्वांत ख्यातनाम आचार्य. परंतु इ.स. १०९५ मध्ये आपल्या अध्यापनामागे कीर्तीची लालसा आहे काय, या प्रश्नाने त्यांना ग्रासले. सुमारे सहा महिने मन ओढाताणीत राहिले. अखेर त्यांची वाचा बसली. शिकवायला बसावे, तर जिभेवर शब्द येईना. अन्नपाणी उतरेना. रोगाचे मूळ मनात आहे, असे सांगून वैद्यांनी हात टेकले. आपली ही अवस्था त्यांनी ‘अल-मुनकिज’ या आत्मकथनात लिहून ठेवली आहे आणि पुढे काय केले, तेही सांगितले आहे. उपाय खुंटलेल्या माणसासारखे ते अल्लाहकडे वळले आणि मुज्तरची हाक ऐकणाऱ्याने त्यांची हाक ऐकली. त्यांनी पद आणि मान सोडला, कुटुंबाच्या निर्वाहाची व्यवस्था लावली आणि ते बगदादहून निघाले. ज्यांच्या ज्ञानाने पिढ्यांना वाट दाखवली, त्या पुरुषालाही एका टप्प्यावर बोलता येईनासे झाले होते. मनाचे आजारपण हे ईमानाच्या दुबळेपणाचे लक्षण आहे, असे सहज बोलणाऱ्यांनी हा प्रसंग वाचावा.

एक आयत आपण दुःखिताला फार घाईने ऐकवतो, की अल्लाह कोणावरही त्याच्या शक्तीबाहेरचा भार टाकत नाही. ही सूरह बकराची शेवटची आयत. ती सत्य आहे. परंतु तिचा पहिला भाग ऐकवून आपण थांबतो आणि दुःखिताला वाटते की, माझे रडणे हा माझाच दोष झाला. भार तर पेलण्याजोगा होता. तीच आयत पुढे वाचावी. तिच्या अखेरीस अल्लाहने स्वतः दासांना दुआ शिकवली आहे, की हे पालनकर्त्या, जे पेलण्याचे बळ आमच्यात नाही ते आमच्यावर लादू नकोस. ज्याने भाराचे माप सांगितले, त्यानेच भार हलका करण्याची विनंती करायला शिकवले. अर्धी आयत ऐकवून आपण दुःखिताचे तोंड बंद करतो. पूर्ण आयत त्याला बोलते करते.

यानंतर सर्वांत कठीण प्रश्न. मागितले, रडलो, रात्री जागवल्या. तरी मिळाले नाही. मूल वाचले नाही. घर मोडले. आता काय?

या प्रश्नाला घाईने उत्तर देऊ नये. हदीसमध्ये आले आहे की, पाप किंवा नातेतोड यांची मागणी नसलेली दुआ वाया जात नाही. मागितलेले येथेच मिळते, किंवा परलोकासाठी साठवले जाते, किंवा तेवढेच एखादे अनिष्ट टाळले जाते. हे सत्य मनोमन मानावे. परंतु जनाजा घरातून निघत असताना ते पाठ केलेल्या उत्तरासारखे कोणाच्या तोंडावर फेकू नये. ज्याचे गेले आहे, त्याला त्या क्षणी हिशेब नको असतो. सोबत हवी असते. हजरत उम्मे सलमा (रजि.) यांनी पती अबू सलमा (रजि.) यांच्या निधनानंतर प्रेषितांनी (स.) शिकवलेली दुआ म्हटली, ज्यात गेलेल्याहून उत्तम बदल मागितला जातो. म्हणता म्हणता त्यांच्या मनात आलेच, की अबू सलमांहून उत्तम कोण असणार? हे त्यांनी लपवले नाही. पुढे स्वतःच सांगितले. मनात प्रश्न होता आणि जिभेवर दुआ होती. अशी दुआही अल्लाहने स्वीकारली. तेव्हा दुआ करण्यासाठी आधी सर्व शंका मिटल्या पाहिजेत, अशी अट नाही. घाई करून, मी मागितले आणि मिळालेच नाही असे म्हणत मागणे सोडू नये, एवढीच सूचना प्रेषितांनी (स.) दिली आहे.

येथे आणखी एका गैरसमजाचा निरास केला पाहिजे. अल्लाहपुढे गाऱ्हाणे मांडणे म्हणजे माणसांची मदत नाकारणे नव्हे आणि प्रयत्न सोडणे तर नव्हेच. हजरत याकूब (अलै.) यांनी आपली व्यथा केवळ अल्लाहपुढे मांडतो, असे म्हटले. त्याच्या लगेच पुढील आयतीत ते मुलांना सांगतात की, जा, यूसुफचा आणि त्याच्या भावाचा शोध घ्या आणि अल्लाहच्या कृपेविषयी निराश होऊ नका. ज्याचे डोळे गेले, तोच शोधायला पाठवतो. खरी दुआ माणसाला उठवते. मदयनला पोहोचलेल्या हजरत मूसा (अलै.) यांच्याजवळ घर नव्हते, काम नव्हते, मागे जिवावर उठलेले शत्रू होते. त्यांनी आधी दोन अनोळखी स्त्रियांच्या जनावरांना पाणी पाजले, मग सावलीत जाऊन, तू जे काही भले उतरवशील त्याचा मी गरजू आहे, असे पालनकर्त्याला सांगितले. त्यानंतर त्यांना आसरा, काम आणि कुटुंब मिळाले. आणि ते माणसांच्याच हातून मिळाले.

म्हणून आजारी माणसाने डॉक्टरकडे जावे, उपचार करण्याची आज्ञा प्रेषितांनी (स.) दिली आहे. मनाच्या आजारालाही हेच लागू आहे. महिनोन्‌महिने झोप नसेल, कशातच रस उरला नसेल, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जाणे हे तवक्कुलच्या विरुद्ध नाही. जगणे नको असे विचार येऊ लागले, तर ते एकट्याने वाहू नयेत. त्याच दिवशी घरातल्या विश्वासाच्या माणसाला सांगावे. सरकारच्या ‘टेली-मानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य बोलता येते. प्रेषितांनी (स.) दुःखामुळे मृत्यूची इच्छा करण्यास मनाई केली, परंतु मनाई करून ते थांबले नाहीत. अगदीच राहवत नसेल तर काय म्हणावे, तेही त्यांनी शिकवले. जोवर जगणे माझ्यासाठी भले आहे तोवर जगव आणि मरण भले असेल तेव्हा मरण दे, असा त्याचा भावार्थ आहे. अशा विचारांनी घेरलेला माणूस त्यांच्या दृष्टीआड नव्हता. त्याच्या हाती त्यांनी निर्णयाऐवजी दुआ ठेवली.

माणसाला वेदना सांगणे हाही सबरचा भंग नाही. हजरत आयेशा (रजि.) डोके दुखते म्हणून कण्हल्या, तेव्हा प्रेषितांनीही (स.) आपलेही डोके दुखत असल्याचे सांगितले. सफरीत दमलेल्या हजरत मूसा (अलै.) यांनी आपल्या तरुण सोबत्याला या प्रवासाने थकवा आल्याचे सांगितले. बोलणे निषिद्ध नाही. निराशा निषिद्ध आहे. आणि येथे जबाबदारी ऐकणाऱ्यावरही येते. घरातले कोणी थकले असे म्हणाले, तर पहिल्या पाच मिनिटांत उपदेश करू नये. आधी ऐकावे, पाणी द्यावे, त्याच्या वाट्याचे एखादे काम आपल्या अंगावर घ्यावे. शेजाऱ्याचे कर्ज आपल्याला फेडता येत नसेल. पण त्याच्याबरोबर पतपेढीत जाऊन मुदत मागता येते. अल्लाह अनेकदा एका दासाच्या दुआचे उत्तर दुसऱ्या दासाच्या पायांनी पाठवतो. ते पाय आपले असावेत.

आता व्यवहाराचे थोडेसे. सूरह हिज्रच्या अखेरीस अल्लाह आपल्या प्रेषितांना (स.) सांगतो, की लोकांच्या बोलण्याने तुमची छाती कोंडते, हे आम्हाला ठाऊक आहे; आणि लगेच पालनकर्त्याचे स्तवन करण्याचा, सजदा करणाऱ्यांत सामील होण्याचा आदेश देतो. आधी दुःखाची दखल, मग सजद्याचे निमंत्रण. एखादी बाब जड झाली की प्रेषित (स.) नमाजीकडे वळत, असे हजरत हुजैफा (रजि.) सांगतात. दास आपल्या पालनकर्त्याच्या सर्वाधिक जवळ सजद्यात असतो, असेही हदीसमध्ये आहे.

तेव्हा ज्या दिवशी सगळे अंगावर कोसळल्यासारखे वाटेल, त्या दिवशी मोठे संकल्प करू नयेत. वुजू करावा, थंड पाणी चेहऱ्यावर आणि हातांवर नीट घ्यावे. दोन रकअती पढाव्यात. मन लागले नाही तरी पढाव्यात. मन नंतर येते, शरीराला आधी न्यावे लागते. नमाजीतील पठण अरबीत आहे, परंतु नमाजीनंतर हात उचलून आपल्या बोलीत बोलावे. मराठीत, दखनीत, कोकणीत, ज्या भाषेत आई आठवते त्या भाषेत. शब्द सुचत नसतील तर नुसते बसावे. ज्या स्त्रियांना त्या दिवसांत नमाज नाही, त्यांनाही दुआ आणि स्मरण मोकळे आहे. रोज थोडे करावे. आणि संकट टळल्यावर त्याच मुसल्ल्यावर येऊन आभार मानायला विसरू नये, म्हणजे सूरह यूनुसमधील त्या माणसात आपली गणना होणार नाही.

हजरत उमर (रजि.) नमाज पढवत असताना याकूब (अलै.) यांच्या गाऱ्हाण्याच्या त्याच आयतीवर आले आणि त्यांचे हुंदके शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेले. विशाल राज्याचा खलीफा, ज्याच्या नावाने शत्रू थरारत, तो सर्वांसमोर इमामतीच्या जागी रडत होता. मागे उभ्या असलेल्या कोणाला त्यात दुबळेपणा दिसला नाही.

हे अल्लाह, ज्यांच्या घरात आज हे पान वाचले जात आहे, त्यांच्यापैकी ज्याची छाती कोंडली आहे, त्याला तुझ्यापुढे मोकळे होण्याचे धैर्य दे. आणि जे मोकळे आहेत, त्यांना ऐकणारे कान दे. आमीन.